पंचवीस लाल ठिपके

या ग्रुपवरचे जुने लोक मला ओळखतात. कोणी लिहिलं की घरात विचित्र आवाज येतात, तर खाली 'पाइपलाइन चेक करा' म्हणणारा आगाऊ माणूस तो मीच. कोणाचा पंखा आपोआप फिरला की 'स्विच बदला' सांगणारासुद्धा मीच. बावीस वर्षं जळगावच्या एका कॉलेजात फिजिक्स लॅबला असिस्टंट आहे, असल्या गोष्टींवर माझा कधीच विश्वास नव्हता... आजही आहे असं म्हणत नाही. पण जे झालं ते लिहितोय. ज्यांना हसायचंय त्यांनी खुशाल हसा, मी तुम्हाला कमी हसलेलो नाही.

आमचं घर असोद्याला, आणि मामाचं गाव साक्री. भिला मामाचं तिथे स्टँडसमोर रेडिओ-टीव्ही रिपेअरिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, आठ बाय दहाची खोली! माझ्या सगळ्या उन्हाळी सुट्ट्या त्या खोलीत गेल्या. लग्नसराईत पिंपळनेरकडच्या बँजो पार्ट्यांचे अ‍ॅम्प्लिफायर ढिगाने दुरुस्तीला यायचे. एका वर्षी एक बँजोवाला हट्टालाच पेटला, की माझा बँजो वाघासारखा गुरगुरला पाहिजे. मामा मला म्हणाला, "आवाज फाटाले पाहिजे, तुटाले नको. बठ्ठी गंमत तठेच शे." म्हणजे सगळी गंमत तिथेच आहे. मग भंगारातल्या रेडिओचे दोन ट्रान्झिस्टर, मूठभर रेझिस्टर-कॅपॅसिटर आणि बिस्किटांचा पत्र्याचा डबा. त्यातून जो आवाज निघाला ना... आईशप्पथ, अख्खं स्टँड वळून बघायला लागलं. याला डिस्टॉर्शन पेडल म्हणतात हे मला पुढे कॉलेजात कळलं. आम्ही त्याला 'फाडू डबा' म्हणायचो.

मामाची एक पद्धत होती, ती इथे सांगायलाच हवी. मी केलेलं सोल्डरिंग तो भिंगातून तपासायचा, एकेक जोड. पक्का असला की त्यावर लाल नेलपॉलिशचा बारीकसा ठिपका द्यायचा. बाटली मामीची, त्यावरून त्या दोघांची रोज लुटुपुटूची भांडणं. आणि जोड कच्चा असला की? काही नाही. ठिपका द्यायचा नाही, बोर्ड माझ्याकडे सरकवायचा आणि समोरच्या टपरीवर चहाला निघून जायचा. मी तो जोड पुन्हा करायचो. एवढ्या वर्षांत त्याने मला 'चुकलं' असं एकदाही म्हटलं नाही.

आता जे लिहायचंय ते लिहिताना अजून लाज वाटते. तीन वर्षांपूर्वी मार्चमध्ये मामाचा फोन आला. "भाचा, एक सेट अडेल शे. येशी का रे?" आमच्याकडे प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. मी म्हटलं, "मामा, परीक्षा संपल्या की येतो." तो म्हणाला, "बरं." अकराव्या दिवशी तो गेला. तो दोन महिने आजारी होता हे मला तेव्हा कळलं, आणि मी साक्रीला पोचलो तोवर अंत्यविधीही उरकलेला होता. दहाव्याला मामीने त्याच्या सुट्या पार्ट्सचा डबा माझ्या हातात ठेवला. तो मी घरी आणून माळ्यावर टाकला, तीन वर्षं झाकण उघडलं नाही. मामा माझ्यावर रागावून गेला का, हे मला मामीला विचारायचं होतं. हिंमतच झाली नाही. साक्रीला जाणंसुद्धा टाळत गेलो.

यंदा आमची रुचा अकरावीला. गिटारचं खूळ. गॅदरिंगला वाजवायचं म्हणून डिस्टॉर्शन पेडल हवं. दुकानातलं बघून आली आणि तोंड एवढंसं केलं. मी म्हटलं, "हात्तिच्या, एवढंच ना? मी बनवतो."

"पप्पा, तुम्ही?" असं म्हणाली, जसं काही मी रॉकेट बनवतो म्हणालो.

झालं. बाकीचे पार्ट जळगावातून आणले, पण तसे जुने ट्रान्झिस्टर काही मिळेनात. म्हणून शेवटी माळ्यावर चढलो. डबा उघडला आणि सोल्डरिंगच्या पेस्टचा, रोझिनचा तो वास आला... पाच मिनिटं तसाच शिडीवर उभा होतो. आत दोन ट्रान्झिस्टर सापडले. नेलपॉलिशची बाटलीही होती, पण आतलं वाळून दगड झालेलं. झाकण पकडीने फिरवून पाहिलं, हललंसुद्धा नाही.

रविवार होता. बायको माहेरी एरंडोलला गेलेली, घरात मी आणि रुचा. गच्चीवरच्या खोलीत सकाळी नऊला बसलो. पेटी म्हणून रुचाचा जुना पत्र्याचा कंपास घेतला. साडेबारापर्यंत सव्वीस जोड झाले. अ‍ॅम्पला लावलं, तर ठणठण गोपाळ! गिटार नाही, गुरगुर नाही, साधी खरखर नाही. मीटर लावून बघितलं, एक ट्रान्झिस्टर मेलेला दाखवत होता. दोनदा तपासलं, दोन्हीदा मेलेला. रुचा माझी समजूत काढायला लागली, "असू द्या पप्पा, मी मैत्रिणीचं घेईन." पोरीने समजूत काढावी यापरता अपमान नाही! कंपासचं झाकण लावलं, धूळ येते म्हणून दाराला बाहेरून कडी घातली आणि आम्ही दोघं खाली जेवायला गेलो. शेवभाजी होती. जेवण पाऊण तास चाललं, आणि त्या वेळात दोघांपैकी एकही ताटावरून उठलं नाही.

वर आलो. कडी होती तशीच. रुचाने उगाच म्हणून गिटार जोडली आणि एक तार छेडली.

काय सांगू! तोच आवाज. साक्रीच्या स्टँडवरचा! फाटलेला, पण न तुटलेला. रुचा किंचाळली, "पप्पाऽ! हे भारी आहे!" मी मनातल्या मनात लगेच कारण शोधलं. उन्हाने खोली तापली असणार, ट्रान्झिस्टरच्या आतला तुटका धागा टेकला असणार. होतं असं कधी कधी. इथवर मी शास्त्र सोडलेलं नव्हतं.

पण पेडल पायाने दाबलं की मध्येच चर्र व्हायचं. कुठला जोड हलतोय बघावं म्हणून मी झाकण उघडलं...

जोडांवर लाल ठिपके होते. बारीक, गोल, पूर्ण वाळलेले. मोजले. पंचवीस. सव्वीसाव्यावर नाही. तो सुईच्या टोकाने हलवून पाहिला, तर खरोखर तोच कच्चा. ड्राय सोल्डर.

आता तुमचे प्रश्न मला माहीत आहेत, मीच असतो तर तेच विचारले असते. रुचाने केलं? ती माझ्यासमोर जेवत होती. तिच्याकडे नेलपॉलिश आहे, पण काळं. आणि मामाची ही पद्धत मी घरात कोणालाही, बायकोलासुद्धा, कधी सांगितलेली नाही. डब्यातली बाटली? पुन्हा काढून बघितली, तशीच दगड. मीच तंद्रीत केलं असेल? ठीक, पण लाल रंग आणला कुठून? आणि तो कच्चा जोड मला माहीत असता तर मी तेव्हाच नीट केला नसता का?

तो जोड मी पुन्हा केला. चर्र बंद झालं. ट्रान्झिस्टर त्या दिवसापासून मीटरवरही ठणठणीत दाखवतो. गॅदरिंगला रुचाने धमाल उडवली, ते असो.

पण मला चैन पडेना. सव्वीसावा ठिपका काही आला नाही. रोज झाकण उघडून बघायचो, वेड्यासारखा. मनात एकच... म्हणजे तू अजून चुकलेलाच आहेस, असं तर मामाला सांगायचं नाही ना? शेवटी रविवारी कंपास पिशवीत घातला, धुळ्याला एसटी बदलली आणि साक्री गाठली.

मामी बंद दुकानाच्या पायरीवर शेंगा निवडत बसली होती. तीन वर्षं तोंड दाखवलं नाही म्हणून एक शब्द बोलली नाही. पाणी दिलं. मी कंपास तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगितलं, फोनचंसुद्धा. मग एकदाचं विचारलं, "मामी, मामा माझ्यावर राग धरून गेला का?"

तिने चष्मा लावला. बोट ठेवत ठेवत ठिपके मोजले. ठिपका नसलेल्या शेवटच्या जोडावर थांबली.

"हाऊ जोड?"

"तो माझा कच्चा राहिला होता. आता केलाय नीट."

"मंग?" ती म्हणाली. "मनमा राग ऱ्हाता, तर माणूस पंचवीस जोडस्ले ठिपका कसाले देता रे भाऊ?"

मी रडलो. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, भर दुपारी, स्टँडसमोर, येणारे-जाणारे बघत असताना रडलो. मामीने शेंगांचं सूप बाजूला सारलं आणि माझ्या पाठीवर हात ठेवून बसून राहिली. स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. कोणाकडे असेल तर खाली लिहा, पण खरं सांगू... आता मला ते वाचायची घाई नाही.