बोरीच्या मशीनला पाथरीतून कोण लागत होतं

"सही करा, स्वामी. कॉम्प्युटरचे इन्चार्ज तुम्ही आहात." जनरल मॅनेजरांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

कमल साळवेच्या सस्पेन्शनचा कागद होता तो. कमल आमच्या बियाणे कंपनीच्या बोरीच्या लॅबमध्ये उगवण तपासायची. शंभर दाणे ओल्या कागदात ठेवायचे, किती उगवले ते मोजायचं, आकडा कॉम्प्युटरमध्ये, आमच्या भाषेत मशीनमध्ये, भरायचा. त्या आकड्यावरच माल बाहेर पडायचा. कपाशीचा एक लॉट शेतात उगवलाच नाही. पाथरीकडचे शेतकरी पिशव्या घेऊन गेटवर आले. मशीनमध्ये आकडा उत्तम होता आणि लॉगिन कमलचं होतं. झालं, चोर सापडला!

"तिला विचारलं का कोणी?" मी म्हणालो.

"विचारायचं काय? नामांतरापासून हे लोक डोक्यावर बसलेत."

मराठवाडा विद्यापीठाचं नामांतर होऊन काही महिनेच झाले होते. परभणीच्या ऑफिसात असली वाक्यं चहासोबत चालायची. त्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. सही न करता मी जीपने बोरी गाठली.

कमलला आत घेत नव्हते; ती लॅबच्या पायरीवर बसली होती. रडत नव्हती. संतापली होती.

"साहेब, माझी वही बघा की. दाणा मोजला की आधी वहीत लिहिते मी. तो लॉट नापास हाय. चार दिवस झाले सांगायलेय, कुणी वही उघडंना!"

वहीत तो लॉट नापासच होता. खाली सही, तारीख. म्हणजे मशीनमधला आकडा नंतर कोणीतरी बदलला होता. पासवर्ड? तो पुठ्ठ्यावर लिहून मॉनिटरला चिकटवलेला.

"हा इथं कुणी लावला?"

"पाथरीच्या सेल्सवाल्या साहेबांनी. म्हणले, विसरशील."

वही घेऊन परतताना मला स्वतःचाच राग येत होता. परभणीच्या ऑफिसात आमचा राउटर होता. बोरीच्या लॅबची आणि पाथरीच्या सेल्स ऑफिसची लाइन त्यात येई. माहितीचे छोटे तुकडे करून तो इकडून तिकडे पाठवायचा. अशा तुकड्याला पॅकेट म्हणतात. प्रत्येक पॅकेटवर पाठवणाऱ्या आणि घेणाऱ्या मशीनचा नंबर असतो, पाकिटावर पत्ता असावा तसा. राउटरला सांगून ठेवलं, तर तो नंबर बघून पॅकेट सोडतो किंवा अडवतो. आम्ही काहीच सांगून ठेवलं नव्हतं. राउटरला स्वतःचा पासवर्डसुद्धा नव्हता. हे दोन्ही करायला हवं, अशी नोट मी वर्षभरापूर्वी दिली होती. तिच्यावर जनरल मॅनेजरांचा शेरा आला, 'गरज नाही.' मीही गप्प बसलो होतो.

त्याच संध्याकाळी बसलो. आधी राउटरला पासवर्ड घातला. मग माझ्या टेबलावरची मशीन सोडून कुठूनही त्यात शिरता येणार नाही, असं केलं. नंतर नियम लिहिले. पाथरीच्या तीन मशीन, प्रत्येकीसाठी एक ओळ : बोरीच्या मशीनकडे जाणारं पॅकेट अडव. कोणत्या ओळीनं किती पॅकेटं अडवली, ते राउटर मोजतो. हे मी कोणालाही सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी अकराच्या आधीच पाथरीहून फोन. सेल्स मॅनेजर स्वतः.

"स्वामी, बोरीची मशीन लागंना की हो! सकाळपासून बघायलोय."

"तुमचं बोरीच्या मशीनशी काय काम?"

"न्हाई, असंच... आकडे बघायचे होते. चार लॉट निघायचेत आज."

"आकडे तुम्हाला इथून छापून येतात."

त्यानं फोन आपटला. मी राउटर बघितला. दोन ओळींपुढे शून्य. त्याच्या मशीनच्या ओळीपुढचा आकडा माझ्या डोळ्यांदेखत वाढत होता. फोन ठेवूनही गडी थांबला नव्हता!

प्रिंट काढली, कमलची वही घेतली आणि जनरल मॅनेजरांसमोर दोन्ही ठेवली. त्यांनी वाचलं. चष्मा पुसला.

"ते ठीक आहे. पण आधी तो नियम काढा. सेल्स अडलाय."

"लेखी द्या," मी म्हणालो. "काय काढायचं आणि कशासाठी, दोन्ही लिहा."

"तुम्ही मला शिकवता?"

"नाही. वर्षभरापूर्वीची नोट आणि तुमचा शेरा जोडून पुण्याच्या हेड ऑफिसला पाठवतो."

त्यांनी काहीच लिहून दिलं नाही. चारही लॉट थांबवले, पुन्हा तपासले. दोन नापास निघाले. सेल्स मॅनेजरनं सगळं कबूल केलं आणि त्याची बदली झाली. फक्त बदली. निरोपाला हारसुद्धा घातला.

कमलला निरोप गेला, 'उद्यापासून ये.' ती आली ती थेट परभणीच्या ऑफिसात.

"सस्पेंड कागदावर करणार होते ना? मग माझी चूक न्हाई, हेबी कागदावर लिहा. तवर मी दाणा मोजत न्हाई."

दोन दिवस ती व्हरांड्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी दोन ओळींचं पत्र निघालं. माफीचा शब्द नव्हता. तिनं ते तिथंच उभं राहून दोनदा वाचलं, पिशवीत ठेवलं आणि बोरीची एसटी पकडली.

नियम लिहायला मला पाऊण तास लागला होता. राउटर बसवला त्याच दिवशी तो पाऊण तास काढायला हवा होता. त्यासाठी कोणाच्या परवानगीची वाट बघू नये.