पा की पाऊण

आमच्या बाई कधी बसत नसत. सुरतेच्या आमच्या कॉलेजात, धातूंच्या प्रयोगशाळेत त्यांची खुर्ची होती. तिच्यावर त्यांची पर्स बसायची. बाई भट्टीपासून सूक्ष्मदर्शकापर्यंत येरझारा घालत. चहा उकळेपर्यंतही त्यांना धीर नसे. सगळे त्यांना ‘जल्दी बाई’ म्हणत, आणि हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

काम मिश्रधातूंचं. पोलादात लोखंड मालक, बाकीचे पाहुणे. आमच्या धातूत लोखंड, निकेल, कोबाल्ट, क्रोमियम सगळे सारख्या वाट्याचे. “आमच्या डिंडोलीच्या गल्लीसारखं,” बाई म्हणत, “मालक कोणीच नाही, तरी चाललंय ना?” पाचवा अ‍ॅल्युमिनियम मात्र खोडकर. तो वाढवला की आतली अणूंची मांडणीच बदलते. धातू कठीण होतो, पण तडकतो. कमी केला की मऊ पडतो. निवृत्त होण्याआधी बाईंना कठीण असून चिवट असा एक तरी तुकडा बघायचा होता. दिवस संपत आले होते आणि त्यांच्यानंतर भट्टी दुसऱ्या विभागाकडे जाणार होती.

पाचही धातू सारखे घेतले, तो तुकडा तडकला. घाईत बाई घरच्या अहिराणीवर येत. माझ्याबरोबर काम करणाऱ्या हेतलला त्या दारातूनच ओरडल्या, “आते अ‍ॅल्युमिनियम पाऊण ले वं माय!” हेतलच्या गुजराती कानांनी ऐकलं ‘पा’, म्हणजे पाव. तिने पावच वाटा घातला. तुकडा वाकवावा तसा वाकला. हेतलला रडू कोसळलं. “मॅडम, तमे पा ज कह्युं हतुं!”

मला वाटलं, आता बाई भडकणार. पण त्या तुकडा हातात घोळवत फिरतच राहिल्या. “रडू नको गं. एक ठिसूळ, एक मऊ. आपलं घर यांच्या मधेच आहे.” भट्टी आता एकदाच पेटणार होती. “अर्धा घे. आधा! अडधो!” बाईंनी तीन भाषांत बजावलं.

तो तुकडा ताणून बघायचा योग आला बाईंच्या शेवटच्या दिवशी. खाली निरोपसमारंभाला माणसं खोळंबलेली आणि यंत्र आपलं गोगलगायीसारखं ओढतंय.

“तुटला का गं?”

“नाही, बाई.”

“मग तूट ना मेल्या लवकर!”

आम्ही हसत सुटलो. ताणाचा आकडा चढत गेला, तो मात्र सावकाश लांबला, खूप लांबला, मग तुटला. बाईंनी डोळे पुसले. “तुटणार तर सगळंच. आधी किती ताण सोसला ते बघायचं.” दोन्ही तुकडे पर्समध्ये टाकून त्या जिन्याकडे धावल्या.

पुढच्याच वर्षी बाई गेल्या. तिथेही घाईच, माझी पदवी बघायलासुद्धा थांबल्या नाहीत. मला अजून राग येतो त्यांचा.

आता दुसऱ्या विभागातल्या भट्टीसाठी वजन करताना हेतल दर वेळी मला विचारते, “पा की पाऊण?” नमुना यंत्रावर चढवला की मी मागे वळून बघते. खुर्ची रिकामी असते. बाई असत्या, तर तिच्यावर पर्स असती.