आमच्या अँबॅसिडरचं डावं दार

उत्तमदादाच्या गॅरेजात एका नटासाठी जावं आणि दोन किस्से घेऊन यावं, असं माझं कायम होतं. जुन्या गाड्यांचा असा मेकॅनिक वर्ध्यात दुसरा नाही, हे मी भर चौकात सांगेन.

आमची अँबॅसिडर बाबांची. आई गेली तेव्हापासून गाडी अंगणात आणि बाबा खाटेवर, दोघंही जागचे हलेनात. मला वाटायचं, गाडी चालू झाली तर बाबाही उठतील.

*

इंजिन जाम झालं होतं. दोन मेकॅनिक म्हणाले, "भंगारात द्या." उत्तमदादानं प्लग काढले, आत डिझेल ओतलं आणि चक्क घरी गेला. मग रोज यायचा, इंजिन फिरवायचं हँडल बोटभर दाबून बघायचा आणि निघायचा. मी वैतागलो.

"दादा, जोर लाव ना जरा!"

"रुसलेल्या माणसाले असं ओढतेत काय बाप्पा?"

नवव्या दिवशी हँडल फिरलं.

*

टाकीत गंज होता. दादानं टाकीत मूठभर गिट्टी आणि साबणाचं पाणी टाकलं, ती ओळखीच्या ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बांधली आणि खड्ड्यांच्या रस्त्यानं आंजी गावाला पाठवली. परत आली ती आतून लख्ख.

"या रस्त्यानं लय गाड्या बिघडवल्या," दादा म्हणाला. "एखादी दुरुस्तबी करू दे त्याले."

*

इंजिन सुरू झालं, पण टकटक वाजायचं. दादानं लांब पेचकस इंजिनला टेकवला, त्याची मूठ कानाला लावली. मी फोनवर बोलत होतो.

"चूप बस. थे बोलून राह्यली."

तिसरा व्हॉल्व्ह, म्हणाला. उघडलं तर तिसराच.

*

गाडी नव्यासारखी झाली. बाबांना हात धरून आणलं. त्यांनी डावं दार लावून पाहिलं. एका झटक्यात लागलं.

"हे आपली गाडी नाई," म्हणाले आणि परत खाटेवर जाऊन पडले. मला रडूच आलं.

दादा त्यांच्या उशाशी बसला. "काका, काय चुकलं माह्यं?"

"तुह्या काकूले थे दार दोनदा लावा लागे."

चांगलं दार बिघडवायला दादाला अख्खा दिवस लागला. आधी तीनदा लावावं लागायचं, मग एकदाच. संध्याकाळी बरोबर दोनावर आलं.

बाबा आले. दार लावलं, लागलं नाही. पुन्हा लावलं. मग वळसा घालून स्टिअरिंगवर बसले आणि किल्ली फिरवली.

मी त्यांच्या शेजारी बसायला निघालो.

"तू मांगं बस," बाबा म्हणाले.