काचेवरच्या चमकेशी वैर

तसबिरीच्या काचेवर पडणाऱ्या चमकेचा एवढा राग करणारा माणूस पृथ्वीच्या पाठीवर दुसरा नसेल. हे आमचे साडू. आमच्या तालुक्यातल्या गोरेगावच्या बाजारात त्यांचं फोटोचं दुकान आहे, आणि जुन्या तसबिरींचे, चित्रांचे फोटो काढावेत तर त्यांनीच. बारा महिने काळा सदरा घालतात, कारण पांढरा काचेत दिसतो. मेहुण्यासाठी मुलगी बघायला गेलो, तेव्हा मुलगी पोहे घेऊन आली तर खोलीत अंधार! "काहून लाइट बंद केला, पाव्हणं?" मुलीच्या बापानं विचारलं. "गणपतीच्या फोटोवर चमक येऊन राहिली," हे भिंतीकडे बघत म्हणाले. तरी सोयरीक जमली, हे त्या घरचं मोठेपण. उजेड समोरून नको, दोन्ही बाजूंनी तिरपा आणि सारखा हवा, हा त्यांचा धर्म. चित्रापुढे पेन्सिल उभी धरायची आणि तिच्या दोन्ही सावल्या सारख्या होईपर्यंत दिवे सरकवायचे. तोवर जेवण गार होवो, नाहीतर शेवटची जीप निघून जावो.

पुसेगावला माझ्या काकूकडे काकांचा एकुलता एक फोटो होता. काका तरुणपणीच गेले. ओलीनं फोटो काचेला चिकटलेला, आणि बुरशी चेहऱ्याकडे सरकत होती. सोडवावा तर फाटणार, ठेवावा तर जाणार. मी साडूंना घेऊन गेलो. त्यांनी खिडक्यांना गोधड्या लावल्या, स्वतःपुढे काळं कापड धरलं, सावल्या जुळवल्या आणि फोटो काढून कॅमेऱ्याच्या पडद्यावर दाखवला. मधे काच आहे हे सांगूनही पटू नये, असा! मी तर बघतच राहिलो.

काकू म्हणाली, "चांगला हाय. पण मी कुठं गेले?"

"तुमी कशा येताल यात, काकू?" साडूंनी विचारलं.

"रोज हार घालताना येते की काचेत, त्यांच्या बाजूला. आमचा दोघाचा फोटू कधी निघालाच न्हाई, पाव्हणं."

आता हे भांडणार, असं मला वाटलं. पण साडूंनी कापड काढलं, एक दिवा उचलून काकूच्या तोंडाकडे वळवला आणि तिला हाताला धरून तसबिरीपुढे उभं केलं. "पदर नीट घ्या. हलू नका," ते म्हणाले. या माणसाशी आपलं नातं आहे याचा मला तेव्हा फार अभिमान वाटला.

मूळ फोटो पुढे बुरशीनं खाल्ला. काकूही गेली. तिच्या घरात आता तो एकच फोटो आहे. काका पंचविशीतले, त्यांच्या खांद्याशी काचेतली सत्तरीची काकू, अंधुक, आणि नव्या नवरीसारखी लाजलेली.