खिडकीजवळची मूठ

"आधी ऐक, मग हात लाव."

कारखान्यात नवा माणूस आला की मिस्त्री त्याला एवढंच सांगायचे आणि पाठ फिरवून कामाला लागायचे. काय ऐकायचं ते सांगायचे नाहीत. म्हातारा पुढं काहीतरी बोलेल म्हणून तो बिचारा तिथंच ताटकळायचा. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. शिकवतात, पण शिकवतोय असं कबूल करत नाहीत.

ही गोष्ट मुंबईत प्लेग येण्याआधीच्या दोन-तीन वर्षांतली. लालबागेत गिरण्यांसाठी दातेरी चाकं बनवणारा एक कारखाना होता. मी गिरगावातून तिथं नकाशे काढायला जात असे, म्हणून सगळे मला मास्तर म्हणत. मिस्त्रींच्या हाती मिलिंगचं मशीन होतं. त्यात धारदार दात्यांचा एक कटर जागच्या जागी फिरत राही आणि मिस्त्री लोखंडाचं चाक त्याच्यापुढं हळूहळू सरकवत एकेक दात पाडत. मी नकाशा दिला की ते तो आधी उलटा धरून बघायचे, मग सुलटा, आणि म्हणायचे, "कागदावर दात पाडायला काय जातंय, मास्तर!"

मिस्त्री वरळीचे कोळी. बाप आणि भाऊ दर्यावर जाणारे, आणि हे एकटेच जमिनीवर. गुडघा अधू आहे म्हणून होडी सोडली, असं ते सांगत. पण गुडघा तर चांगला ठणठणीत होता. खरं कारण त्यांच्या बायकोनं एकदा मला हसत हसत सांगितलं. कोळ्याच्या पोटी जन्मून या माणसाला समुद्र लागायचा. होडी हलली की ओकाऱ्या. हे मी कारखान्यात कुणाला सांगितलं नाही, आणि मी सांगितलं नाही हे मिस्त्रींना ठाऊक होतं. आमची दोस्ती तिथून जमली.

त्या काळी सगळी यंत्रं एकाच इंजिनावर चालत. छताखालून लांबच लांब लोखंडी दांडा, म्हणजे शाफ्ट, फिरे आणि त्याच्यावरून एकेक पट्टा खाली एकेका यंत्रावर येई. दुपारी सुट्टी झाली की इंजीन थांबे आणि सगळंच गप्प होई. तेव्हा कुणी पट्टा सरकवून आपलं यंत्र सोडवून ठेवायच्या भानगडीत पडत नसे. त्या शांततेत प्रत्येक जण आपापल्या यंत्रात हात घालून लोखंडाचा कीस काढी. वीस-वीस वर्षं हीच रीत. भीती नव्हती, कारण इंजीन पुन्हा सुरू होताना आधी शाफ्ट कण्हायचा, पट्टे फडफडायचे, पत्रे थरथरायचे. तोवर सगळ्यांचे हात बाहेर आलेले असत. मिस्त्री नव्या माणसाला जे ऐकायला सांगत ते हेच, असं मला पुढं कळलं.

मिस्त्रींच्या त्या जुन्या मशीनला तीनच चाली होत्या, म्हणजे तीनच वेग. पितळेला एक, बिडाला एक, पोलादाला एक. मिस्त्रींना नेहमी दोन चालींच्या मधली चाल हवी असायची. म्हणून शेटजींनी विलायतेहून विजेची मोटार मागवली. ती थेट मशीनला जोडायची, पट्ट्याचं कामच नाही, आणि एक मूठ फिरवली की पाहिजे ती चाल, मागं ओढली की बंद. वीज तयार करायला मागच्या अंगणात एक छोटं इंजीन वेगळं बसवलं; त्याचा आवाज आत येत नसे, आणि दुपारच्या सुट्टीत तेही थांबे.

मोटारीचा नारळ फोडायची वेळ आली तेव्हा शेटजी म्हणाले, "इथे नाय हां! पाणी उडेल." मग नारळ अंगणात फोडला. मिस्त्रींना ते रुचलं नाही. "देव आत आणि नारळ दारात," ते पुटपुटले. पण नंतर मूठ हाती आली आणि माणूस हरखला. इतक्यांदा ती पुढं-मागं केली की शेटजींना म्हणावं लागलं, "बस करो मिस्त्री, झिजून जाईल."

आता माझ्याबद्दल सांगतो. ती मूठ ज्या लोखंडी पेटीवर होती ती पेटी तापायची. मशीनपाशी तेलाच्या चिंध्या पडलेल्या असत, म्हणून पेटी लांब, खिडकीजवळच्या भिंतीवर बसवावी असं मी नकाशात दाखवलं. नकाशा सुबक झाला. शेटजींनी सही केली. मशीनपासून त्या मुठीपर्यंत आठ पावलं होती.

पहिल्या आठवड्यातच मिस्त्री माझ्या टेबलाशी आले. "मास्तर, ह्या मोटारीचं काय खरं नाय. चाक दाबलं का दबते, सोडलं का उधळते. पट्टा कसा, जोर झाला का घसरायचा. ही घसरत नाय. मनात ठेवते."

"सवय होईल," मी म्हणालो.

"आवाज पण नाय करत. चालू हाय का बंद, बघितल्याबिगर कळत नाय." मग ते खाली बघून म्हणाले, "मूठ माझ्या हाताशी आणून द्या. आठ पावलं लांब ठेवली, तर दुपारी जाऊन बंद कोण करणार? मीच नाय करणार. मला माझं ठावं हाय."

आपल्याच हातांची अशी उघड तक्रार करणारा दुसरा कारागीर मी पाहिला नाही. मी शेटजींकडं गेलो. ते म्हणाले, "दिवाळीनंतर बघू." मी मिस्त्रींना सांगितलं, दिवाळीनंतर. ते मान हलवून गेले. मी आणखी एकदा विचारायला हवं होतं. विचारलं नाही. शेटजींपुढं पुन्हा उभं राहायचा मला संकोच वाटला, इतकंच कारण.

त्यानंतर मिस्त्रींचं हसणं कमी झालं. मशीनकडं ते पाठ करून उभे राहत नसत. डबा खाताना त्यांचा एक डोळा मोटारीवर असे. "मास्तर, एवढी गप्प वस्तू बरी नाय," असं ते दोनतीनदा म्हणाले. मी थट्टेनं म्हणालो, "मिस्त्री, तुमची बायको गप्प बसली तर तुम्हाला बरंच वाटेल की." ते हसले नाहीत.

मग एका दुपारी शेटजींचे पाहुणे आले. कचेरीत विजेचे चार दिवे लावले होते आणि त्यांना ते बघायचे होते. सुट्टी झालेली, मोठं इंजीन थांबलेलं, लोक डबे सोडून बसलेले. शेटजींनी अंगणातल्या माणसाला निरोप पाठवला की छोटं इंजीन तेवढं चालू कर. नकाशे दाखवायला मला कचेरीत बोलावलं होतं.

भर दुपारी दिवे लागले. पाहुणे "वाहवा" म्हणाले. तेवढ्यात चारही दिवे मंदावले, लाल झाले, आणि पुन्हा उजळले.

"हे काय?" एका पाहुण्यानं विचारलं.

मला ते कळलं होतं. इंजिनानं पुरता वेग घेतला तसं दुसरं काहीतरी त्याच विजेवर चालू झालं होतं, आणि त्या विजेवर दुसरी वस्तू एकच होती. मी नकाशे तिथंच टाकून धावलो.

शाफ्ट स्थिर होता. पट्टे लोंबत होते. सगळं इतकं शांत होतं की मिस्त्रींनी नेहमीसारखा कटरमधला कीस काढायला हात घातला असणार. त्यांनी ऐकलं असणार, याबद्दल मला आजही शंका नाही. ऐकण्यासारखं काही नव्हतंच. मूठ खिडकीजवळ चालूवर राहिली होती. मी आधी तिकडं धावलो, ती मागं ओढली, आणि मग त्यांच्याकडं वळलो. ती आठ पावलं मी त्या दिवशी पहिल्यांदा चाललो. मिस्त्री ओरडत नव्हते. डाव्या हातानं उजवं मनगट धरून खाली बसले होते, आणि उजव्या हाताला अंगठ्याखेरीज काही उरलं नव्हतं.

पाचव्या दिवशी मी वरळीला गेलो. बोंबील वाळत घातलेल्या काठ्यांमधून वाट काढत त्यांच्या दारी पोचलो. हात फडक्यात गुंडाळलेला, चेहरा उतरलेला. पण मला बघून उठून बसले.

"माझ्या जागी कोण हाय?"

"एक रत्नागिरीचा माणूस घेतलाय."

"त्याच्या हाताशी आणली का मूठ?"

आणली नव्हती. शेटजी अजूनही दिवाळीनंतरच म्हणत होते. मी मिस्त्रींच्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणालो, "आणली, मिस्त्री. परवाच बसवली."

त्यांचा सगळा चेहरा सैल पडला. "बरं झालं," ते म्हणाले. "आता माझं काय व्हायचं ते होवो." मग बायकोला हाक मारली, "आगो, मास्तर इतक्या लांब आलंय, रिकामं नको धाडू." तिनं मला सुक्या मासळीची पुडी बांधून दिली. मी बामणाच्या घरचा, ती पुडी घरी नेता येणार नव्हती. पण नको म्हणायला तोंड नव्हतं. मी ती घेतली आणि वाटेत एका हमालाला दिली.

मूठ हलवून घ्यायची, मग खोटं खोटं राहणार नाही, असं मी परतताना ठरवलं. दुसऱ्या दिवशी शेटजींपुढं उभा राहिलो. ते म्हणाले, "ए मास्तर, आठवडाभर थांब, काम तुंबलाय." मी आठवडाभर थांबलो. त्या आठवड्यात मिस्त्रींना धनुर्वात झाला. दातखीळ बसली. निरोप आला तेव्हा अग्नी देऊन झाला होता.

त्या दिवशी सगळे कामगार कारखान्याच्या दाराशी उभे राहिले. मूठ हलेपर्यंत कुणी आत येणार नाही म्हणाले. रत्नागिरीवालाही त्यांच्यातच होता. शेटजी माझ्याकडं बघून म्हणाले, "कर बाबा, कर." पेटी उतरवली, तारा वाढवल्या, मशीनशेजारी एक खांब रोवला, पेटीखाली पत्रा मारला. अर्ध्या दिवसाचं काम होतं. तेवढंच होतं.

मूठ बसवताना फिटरनं मला विचारलं, "मास्तर, किती उंचीवर?" मी खांबाशी उभा राहिलो आणि विचार न करता हात वर करून जागा दाखवली. त्यानं तिथं खूण करून भोकं पाडली.

दुसऱ्या दिवशी रत्नागिरीवाला कामावर आला. त्याचा हात मुठीला पोचेना. मिस्त्री चांगले उंच होते, हा त्यांच्या खांद्यापर्यंतही आला नसता. "कुणाच्या मापाची लावलीत ही?" त्यानं विचारलं. मग फिटरनं एक लाकडी खोकं आणून त्याच्या पायाशी ठेवलं. मी तो कारखाना सोडला तोवर त्या मशीनवर जो जो आला तो त्या खोक्यावर चढून काम करी, आणि मूठ खाली घ्या असं मी कुणाला म्हटलं नाही.