ठिपके न मोजणारे सर

ऑक्टोबरमधला दुसरा रविवार, सकाळचे सव्वाआठ, मयेच्या तळ्यावरची टेकडी. हजर माणसं तीन: फुलपाखरू-सर, वही धरलेला मी आणि टेकडीखाली कुळागर, म्हणजे पोफळीची बाग असलेली सुमित्रावहिनी. पंचायतीच्या जैवविविधता नोंदवहीसाठी मोजणी होती. दोन तासांत सरांनी एकशे बारा फुलपाखरं ओळखली. एकदाही वाकले नाहीत.

न वाकणं हाच त्यांचा अभ्यास. गळ्यातल्या दुर्बिणीचं झाकण निघालेलं मी कधी पाहिलं नाही. "उडण्याच्या ढबीवरून कळतं हो!" केशरी पंख, काळी कडा दिसली की "प्लेन टायगर, लिहा," आणि पुढे. स्वभाव मात्र गोड. परतताना सगळ्यांना भाजी-पाव खाऊ घालत. एवढा आळस इतक्या रुबाबात मिरवलेला मी दुसरीकडे पाहिला नाही.

फरक शाळकरी पोरालाही कळेल असा आहे. मागच्या पंखावर मधोमध तीन-चार काळे ठिपके असले तर तो प्लेन टायगर. रुईवर वाढतो, कडू लागतो, पक्षी तोंड लावत नाहीत. ठिपका एकच आणि तोही वरच्या कडेला असला, तर ती डॅनेड एगफ्लायची मादी. कडू नाही, नुसतं सोंग. पण कायद्याने संरक्षित. तळ्यावरच्या पार्किंगसाठी ही टेकडी कापायचं घाटत होतं; तिची नोंद झाली असती तर त्याआधी थांबून वनखात्याला विचारावं तरी लागलं असतं. त्या टेकडीच्या झरीवर वहिनीच्या दोनशे पोफळी जगत होत्या.

घोळीच्या भाजीवर तसंच एक केशरी फुलपाखरू येऊन बसलं. वहिनी उकिडवी बसली. "सर, ह्येच्या पंखार एकच तीट!"

"वहिनी, तुम्ही सुपाऱ्या मोजा."

मी फोटो काढला, दाखवला. "फोटोत ठिपके पुसट येतात," सर म्हणाले. वहीत सदतिसावा प्लेन टायगर पडला.

ग्रामसभेत मी तोच फोटो पुढे केला. सरांनी विचारलं, "माझा पंचवीस वर्षांचा अनुभव मोठा, की ह्यांचा मोबाइल?" लोक हसले. नोंदवही मंजूर झाली. जानेवारीत टेकडी कापली, एप्रिलमध्ये झर आटली.

यंदा सर मुलाकडे पुण्याला कायमचे गेले. निरोपाला शाल, श्रीफळ, भाषणं झाली. अध्यक्षांनी वहिनीलाही दोन शब्द बोलायला सांगितले. ती जागेवरच उभी राहिली.

"सरांनी आमचो डोंगर एका नजरेत वळखलो. तेच्यानंतर माझ्या कुळागराक पाणी नाय."

पहिली टाळी सरांनीच वाजवली.