मंगळाच्या नाक्यावर आबा

"नाव सांगा."

माझ्या सख्ख्या बापानं मला असं विचारलं, तेही वरव्याच्या नाक्यावर, भरल्या मोटारीसमोर. मी मास्तरीण व्हायला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात निघाले होते, तेव्हाची ही गोष्ट. हिरे, तू आईच्या पदराला धरून तिथंच उभी होतीस, पण तू मोटारीबाहेर होतीस आणि मी आत. म्हणून आता माझ्या बाजूनं ऐक. तुझ्यासारख्या मागं राहिलेल्यांनी आणि माझ्यासारख्या पेटी उचलून निघालेल्यांनी, सगळ्याजणींनी ऐका, कारण परवा माझ्या शाळेत जे घडलं ते पोटात मावत नाहीये माझ्या.

आपले आबा भोर संस्थानच्या जकात नाक्यावर शिपाई. रस्त्यावर आडवा बांबूचा दांडा. अलीकडं संस्थान, पलीकडं इंग्रजांचा खालसा मुलूख. मी म्हटलं, "आबा, मी गोदी!"

"गोदी आसंल. पेटी उगड."

मोटारीतली माणसं खो खो हसली. पेटीत लुगड्यांखाली आईनं दडवलेली तुपाची बरणी निघाली. जकात भरल्याशिवाय संस्थानचं तूप बाहेर न्यायचं नाही, असा कायदा. आबांनी बरणी उचलली आणि चौकीच्या ओट्यावर ठेवली. "नाक्यावर नातं बगायचं न्हाई," एवढंच बोलले. आईनं कपाळावर हात मारला. "काय मानूस हाय हा! लेकीच्या ताटातलं तूप काडून घेतो!"

मोटार सुटल्यावर मी मागं वळून पाहिलं. दांडा अजून वरच होता, आणि आबा शिवेच्या दगडावर नारळ फोडत होते. सासरी निघालेली नवरी शीव ओलांडते तेव्हा फोडतात तसा. मला असला राग आला होता! म्हटलं, नारळ कसला फोडता, तूप द्यायचं होतं.

आबांचं नाक्यावरचं वागणं सगळ्या पंचक्रोशीला ठाऊक होतं. वेल्ह्याकडनं तांदळाच्या गाड्या येत, त्यांची पोती ते हात घालून बघत. ओळखीचा असो की भाऊबंद, गाठोडं उघडायचंच. फक्त वरात आली की कुणाला काही विचारायचं नाही, ही पहिल्यापासूनची चाल. वाजंत्री ऐकू आली की दांडा वर, आणि शेवटचं माणूस पार होईपर्यंत तो खाली यायचा नाही. वरातवाले नारळ फोडून अर्धी वाटी शिवेच्या दगडावर ठेवून जात, आणि ती आपल्या दोघींच्या वाट्याला येई.

आबा स्वतः मात्र पलीकडं कधीच गेले नाहीत. खेड-शिवापुरात मावशीच्या मुलीचं लग्न होतं, तेव्हासुद्धा आपल्याला गाडीत बसवून दांड्यापाशी उभे राहिले. म्हणाले, "नाक्यावरचा मानूस दांड्याखालनं वाकत न्हाई." सगळ्यांना त्या मुलखात धाडायचं आणि आपण म्हणून पाऊल टाकायचं नाही. असला हट्टी बाप दिवा घेऊन शोधला तरी सापडायचा नाही.

आणि आपला खेळ आठवतो का? दिवेलागणीला आई भाकरी थापायला बसली की आपण दांड्याच्या दोन बाजूंना उभ्या राहायचो. डोंगराच्या अंगाला तांबडा मंगळ दिसायचा, आबांनीच दाखवलेला. तो माझा. चंद्र तुझा, कारण तू धाकटी आणि रडकी. "मंगळाच्या हद्दीत पाय टाकू नको, जकात पडंल!" असं मी ओरडायची, आणि तू मुद्दाम पाय टाकून पळायचीस.

पुण्यात पहिल्या वर्षी माझे फार हाल झाले गं. नळाला पाणी येताना होणारा आवाज ऐकून मी दचकायची. स्टोव्ह पेटवताना भुवया जाळून घेतल्या. वर्गात मी "न्हाई" म्हटलं की पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. जेवायला बसलं की ओट्यावर राहिलेली ती बरणी डोळ्यांसमोर यायची. आता तीच मी रेशनच्या रांगेत दुकानदाराशी अशी भांडते की मागच्या बायका माझ्या जिवावर निर्धास्त उभ्या असतात. पण राग आला की अजून "न्हाई"च तोंडात येतं.

कॉलेजच्या वाचनालयात मला कळलं की मंगळाच्या दोन्ही टोकांना बर्फ असावा, आणि चंद्रावर पाण्याचा टिपूस नाही. अगं, मी खुर्चीतून उठलेच! आपला खेळ खराच होता की. भाटघरचं धरण आपल्या मुलखात आणि पाणी खालच्या मुलखाच्या उसाला, यावरनं नाक्यावर चाललेली भांडणं ऐकतच वाढलो आपण. उद्या माणूस वर राहायला गेला की हेच होणार, हे मला तिथल्या तिथं दिसलं.

म्हणून यंदा, मी शिकवते त्या पुण्यातल्या शाळेच्या गॅदरिंगला मी नाटक लिहिलं. अजून दोन-तीनशे वर्षांनी माणसं चंद्रावर आणि मंगळावर घरं बांधून राहिलीत. मंगळ संस्थानचे लोक बर्फाचे धनी, पागोटं बांधणारे, एकदा नाही म्हटलं की नाहीच. चंद्र सरकारकडं कारखाने, तोफा आणि तोरा, फक्त प्यायला पाणी नाही. चंद्रवाले मंगळवाल्यांना तांबड्या मातीचे गावंढळ म्हणतात. मंगळवाले म्हणतात, तुम्ही पृथ्वीच्या दारात बांधलेली शेळी. शनीवाले आपल्या कड्यांवर बसून दोघांकडनंही रस्त्याची पट्टी घेतात आणि भांडण मिटू देत नाहीत. सगळे पृथ्वीवरनंच गेलेले, एकमेकांचे चुलत-मावस, पण ते कुणाला आठवतच नाही. आणि दोन राष्ट्रांच्या मधोमध आकाशात जकात नाका, त्याला बांबूचा दांडा.

मोठ्या बाई म्हणाल्या, "गोदाबाई, आकाशात बांबू? विजेची भिंत वगैरे दाखवा की."

मी म्हटलं, "बाई, भिंत वर होत नाही. दांडा वर होतो."

पहिल्यांदा मी लढाई लावून मंगळाला जिंकवलं होतं. झालं! तालमीतल्या मुलींचे खरोखरच दोन तट पडले. मंगळवाल्या पोरी शाळेच्या माठापाशी उभ्या राहून चंद्रवाल्यांना पाणी घेऊ देईनात. त्यांना रागवायला धावले आणि निम्म्या वाटेत हसूच फुटलं, कारण मला वरवं आठवलं आणि वरातीची चाल आठवली. त्याच दिवशी शेवट बदलला. चंद्राचं विमान तोफांसकट नाक्यावर येतं, मंगळाचा नाकेदार दरडावतो, आणि आतून वाजंत्री ऐकू येते. विमानात वरात आहे, मंगळाकडं निघालेली! नाकेदार कायद्याकडं बघतो, मग दांड्याकडं बघतो आणि दांडा वर करतो.

इकडं हे चाललेलं आणि तिकडं आपलं संस्थान विलीन झालं. इंग्रज आधीच गेले होते, आता नाकाही गेला. तू निरोप धाडलास की आबांनी दांडा घरी आणून माळ्यावर ठेवलाय, आणि रोज सकाळी पागोटं बांधून शिवेच्या दगडापर्यंत जातात अन् तिथनंच माघारी फिरतात. इतकी वर्षं माझी शाळा, माझी खोली त्या माणसानं पाहिली नव्हती. मी मोटारवाल्याबरोबर सांगून धाडलं की आबांनी नाटकाला यायलाच पाहिजे. उलट निरोप आला, "त्या मुलखात माजं काय काम?" मी परत कळवलं, मुलूख आता एकच झालाय. त्यावर, "कागदावर झाला आसंल."

नाटकाच्या दिवशी संध्याकाळी मी पडद्याआडून दाराकडं बघून बघून मान मोडून घेतली. आबा नव्हते. पहिला अंक झाला, तरी नव्हते. दुसऱ्या अंकाच्या आधी फाटकावर गडबड ऐकू आली म्हणून धावले. बघते तर पागोटं बांधून, काखेत गाठोडं घेऊन आबा उभे! आणि आमचा शिपाई त्यांना विचारतोय, "नाव सांगा. गाठोड्यात काय आहे?"

मी ओरडणार, तेवढ्यात आबांनी मला हातानंच थांबवलं. "इचारू दे त्याला. बराबर हाय त्याचं." आणि खाली बसून त्यांनी गाठोडं सोडून दाखवलं. आत काय असावं? बरणी! तीच, ताज्या तुपानं भरलेली.

"आबा, आलात की हो शेवटी ह्या मुलखात!"

"म्या कुठं आलो? मोटारीनं आनलं. नाका आला तवा म्या डोळं मिटून बसलो हुतो."

त्यांना पुढच्या बाकावर बसवून मी आत पळाले. शेवटचा प्रवेश आला. नाकेदार झालेली मुलगी गरजली, "नाव सांगा! विमानात काय आहे?" आबा ताठ बसले. विमानातनं सनई वाजली. मुलीनं दोरी ओढली आणि दांडा हलेचना. तिनं पुन्हा ओढली. दोरी तुटून हातात आली. वरात आकाशात खोळंबली, मागच्या बाकांवर खुसखुस सुरू झाली, पोरीच्या डोळ्यांत पाणी.

आणि आबा उठले. पायऱ्या चढून सरळ रंगमंचावर गेले. "बाय माजी, रडू नगं. मागल्या टोकाला धोंडा बांदला न्हाई, मग दांडा उठंल कसा?" असं म्हणून त्यांनी दांड्याच्या मागच्या टोकावर अंगाचा सगळा भार दिला. दांडा वर गेला, आणि मंगळ-चंद्राच्या नाक्यावर आपले आबा पागोटं सावरत उभे राहिले. वरात निघाली. चंद्रावर माणूस हलकं होतं म्हणून मी पोरींना उड्या मारत चालायला शिकवलं होतं. नवरा, नवरी, तोफवाल्या, कलवऱ्या, सगळ्या उड्या मारत पार झाल्या. शेवटचं माणूस जाईपर्यंत आबांनी दांडा सोडला नाही.

मग त्यांनी तो हळूच खाली टेकवला आणि अलीकडंच थांबले, जन्मभर थांबले तसे. पलीकडं सगळी वरात त्यांच्याकडं बघत उभी. मी पडद्याआडून बाहेर आले, वरातीच्या बाजूनं, आणि म्हटलं, "आबा, या की."

"दांडा वर कोन धरनार?" ते म्हणाले.

"कुणीच नाही. वाका."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मग एका हातानं पागोटं धरलं आणि डोळे उघडे ठेवून आबा दांड्याखालनं वाकून पलीकडं आले. हिरे, अख्खी शाळा उभी राहून टाळ्या पिटत होती, आणि मी भर रंगमंचावर हुंदके देत होते.

आता ते माझ्या खोलीत स्टोव्हकडं संशयानं बघत बसलेत. रात्रीच्या भातावर त्यांनी आपल्या हातानं तूप वाढलं आणि म्हणाले, "तुजं ऱ्हायलं हुतं." घर कुठलं, असं इथं मला कुणी विचारलं की मी वरवं सांगायची आणि जीव तिकडं ओढायचा. काल शेजारणीनं विचारलं, तर आबाच बोलले, "वरव्याला बी हाय आन् हितं बी हाय."

येत्या सुट्टीत तू ये. आईलाही आण. येताना माळ्यावरचा दांडाही घेऊन ये, पुढच्या वर्षी शनीवाल्यांची खोड मोडायचीय. धोंडा आबा बांधणार आहेत.